बॅरनच्या कड्यावरचं जाळं

अंदमानातल्या बॅरन बेटाला येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, लाव्हा दिसेल का? मी त्यांना स्कूबा डायव्हिंगला नेणारा; मला दाखवायचं असतं ते पाण्याखालचं. 1991 मध्ये हा ज्वालामुखी पुन्हा जागा झाला, तेव्हापासून अधूनमधून धुमसतोच. तरी त्याच्याच काळ्या खडकावर पोवळी वाढलीत, मोठाले सी-फॅन, म्हणजे पंख्यासारखी पसरलेली पोवळी, उभे आहेत. बेटावर पाय ठेवायला परवानगी नाही. स्वराज द्वीपहून (पूर्वीचं हॅवलॉक) रात्री बोट सोडायची आणि उजाडल्यावर पाण्यात उतरायचं.

त्या दिवशी 22 मीटरवर एका सी-फॅनला नायलॉनचं गिलनेट, म्हणजे कल्ल्यांत मासे अडकवणारं जाळं, गुंडाळलेलं दिसलं. मी मालवणच्या मच्छीमाराच्या घरातला; धागा चिमटीत धरताच कळलं, जाळं नवं आहे, अजून शेवाळसुद्धा धरलेलं नाही. असं जाळं कधी ओढायचं नसतं. खालची शिशाची दोरी आधी कापली, तर वरचे तरंगते फ्लोट सगळं जाळं वर उचलतात आणि ते थेट आपल्या टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतं. म्हणून आधी फ्लोट काढायचे, मग हातभर तुकडा कापून, गुंडाळून पिशवीत कोंबायचा, मग पुढचा. तेही अधांतरी राहून. फिनचा एक फटका लागला की काळी वाळू उठते आणि स्वतःचे हात दिसेनासे होतात.

तेवढ्यात एका पाहुण्याने मदत म्हणून जाळं धरून हिसडा दिला. सी-फॅनची फांदी मोडली. मी त्याचं मनगट धरून त्याला बाजूला केलं. हजारोंचे कॅमेरे घेतात, पण पाण्यात हात आवरायला शिकत नाहीत.

जेमतेम अर्धं जाळं निघालं तेव्हा टाकीतल्या हवेच्या गेजवर 70 बार उरले होते. काही झालंच तर मदतीसाठी पोर्ट ब्लेअर (आता श्री विजय पुरम) सुमारे 135 किलोमीटर लांब. मी सगळ्यांना वर घेतलं. दुपारी लाटा वाढल्या, कॅप्टनने दुसरी डाइव्ह रद्द केली, योग्यच केलं.

बोटीवर तोच पाहुणा म्हणाला, "दादा, ओढलं असतं तर चार फांद्या गेल्या असत्या, पण जाळं निघालं असतं ना?" मी गप्प बसलो. राहिलेलं अर्धं जाळं दर लाटेला त्याच सी-फॅनवर घासत असणार. नियमाने वागून मी त्याला वाचवलं की हळूहळू मरायला सोडलं, हे अजून ठरत नाही.

परवानगीसाठी पाहुण्यांची सगळी माहिती भरून देतो. पाण्यात काय सापडलं, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. जागा आणि खोली मी जाणाऱ्या बोटींना कळवली आहे. चाकू नको, लाइन कटर न्या. आणि दोन डायव्हर फक्त जाळ्यासाठी ठेवा, त्यांच्याकडे पाहुणे देऊ नका.