एका हाताने रिव्हॉल्व्हर: आठव्या महिन्यापर्यंतची नोंद

अपघातात डाव्या खांद्याच्या नसा तुटल्या, तेव्हापासून तो हात नुसता बाजूला लटकतो. आठ महिन्यांपूर्वी पुन्हा रेंजवर गेलो, तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी नेमाचं विचारलं. नेमाची मला काळजी नव्हतीच. २५ मीटरच्या आंतरराष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा नियमानेच एका हाताने खेळायच्या असतात. हंगेरीच्या कारोय ताकाचचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बने गेला. त्याने डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायरचं सुवर्ण जिंकलं. नेमाला एक हात पुरतो. अडतं ते सिलिंडर (काडतुसं भरायचा फिरता भाग) उघडल्यावर, आणि म्हणूनच काडतूस निवडताना मी आता आधी ते भरायला कसं आहे हे बघतो.

पहिले दोन महिने मात्र मी गोळी सुटताना हाताला बसणारा झटकाच मोजत बसलो होतो. .३५७ मॅग्नम काडतुसाची १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी चार इंची नळीतून सेकंदाला साधारण ३७५ मीटर वेगाने निघते, तेवढ्याच वजनाची .३८ स्पेशलची गोळी २३० च्या आसपास. एका मनगटावर हा फरक चांगलाच जाणवतो. मॅग्नमच्या तिसऱ्या गोळीपासून माझी पकड सरकायची, आणि ती नीट करायला दुसरा हात नाही. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं (उलटं कधीही करायचं नाही), त्यामुळे हत्यार तेच ठेवलं आणि काडतूस बदललं. यात एक काम वाढतं. .३८ ची पुंगळी (काडतुसाचं नळकांडं) साडेतीन मिलिमीटर आखूड असल्याने चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, तिच्या तोंडापाशी काजळीचं कडं जमतं. ते ब्रशने काढलं नाही, तर नंतर मॅग्नमची काडतुसं आत अडकतात.

रिव्हॉल्व्हर कुठे टेकवायचं, हा पुढचा प्रश्न. गुडघ्यांत धर, काखेत धर, पट्ट्यात खोच, असे सल्ले भरपूर मिळाले. मी त्यातला एकही मानला नाही, तुम्हीही मानू नका. असं धरलं की नळीचं तोंड स्वतःच्याच अंगाकडे वळतं. मी लाकडाचा एक ठोकळा केला. त्यात नळी बसेल अशी तिरकी खाच कोरली, आतून चामडं लावलं आणि तो क्लॅम्पने टेबलाला आवळला. नळी टार्गेटच्या बाजूला आणि थोडी खाली झुकलेली राहते, मूठ माझ्याकडे वर. रेंज ऑफिसरला दाखवून मगच वापरायला घेतला. पहिले तीन आठवडे फक्त डमी काडतुसं. सुट्या सहा डमी भरायला सुरुवातीला दीड मिनिट लागायचं, आता चाळीस सेकंद.

या तीन आठवड्यांतच गोळीच्या टोकाचं महत्त्व कळलं. १४८ ग्रेनची वॉडकटर मला मनापासून आवडते. सपाट तोंडाची, पुंगळीच्या काठाशी समपातळीत बसलेली, झटका सौम्य, आणि कागदावर पंचिंग मशीनने पाडावं तसं स्वच्छ भोक. पण तिचं सपाट तोंड चेंबरच्या काठावर अडतं. एकेक भरताना बोट ते सांभाळून घेतं; लोडरमधून सहाच्या सहा एकदम घालायला गेलं की एखादी तरी अडतेच. गोल टोकाची १५८ ग्रेनची शिशाची गोळी आपली वाट स्वतःच शोधते. म्हणून आता वेळेच्या फेरीला गोल टोक, सावकाश फेरीला वॉडकटर.

.२२ मध्ये झटका जवळजवळ नाही आणि खर्चही कमी, पण काडतूस एवढं बारीक की बोटांतून निसटतं. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे टार्गेटसाठी सुंदर काडतूस, पण मला मिळालेली सगळी सपाट तोंडाची होती.

लोडरबद्दल जरा सविस्तर. माझ्याकडचा पहिला लोडर मूठ फिरवून काडतुसं सोडणारा होता. मूठ फिरवली की सिलिंडरही सोबत फिरायचा, आणि तो धरायला हात नाही. दाबून सोडणाऱ्या प्रकारात ही अडचणच येत नाही: लोडर टेकवायचा, सरळ खाली दाबायचा, मधला भाग एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीवर टेकला की सहाही सुटतात. बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं, म्हणूनच ठोकळ्याची खाच मी नंतर आणखी उभी केली. रबरी स्ट्रिपने दोन-दोन काडतुसं भरता येतात. ती खिशात सपाट मावते, पण वेळ दुप्पट जातो.

रिकाम्या पुंगळ्या काढताना रॉड (चांदणी ढकलणारी दांडी) अर्धवट दाबायचा नाही. नळी वर करून एकाच ठाम दाबात तो शेवटपर्यंत गेला पाहिजे. नाहीतर एखादी पुंगळी चांदणीखाली शिरते, आणि ती एका हाताने काढताना माझी एक अख्खी फेरी गेली आहे. दोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरचा रॉडच आखूड असतो, लांब पुंगळी पूर्ण बाहेर ढकलली जात नाही. एका हाताच्या माणसाने चार इंचांच्या खाली जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आमची अडचण जुनीच आहे. घोडेस्वाराचा एक हात लगामात, म्हणून अमेरिकी लष्करातल्या स्कोफील्ड नावाच्या अधिकाऱ्याने मधून मोडणाऱ्या (बिजागरीवर नळी खाली झुकवून उघडायच्या) रिव्हॉल्व्हरची कडी बदलून ती एका हाताने उघडेल अशी केली. १८७५ पासून लष्कराने ती घेतली. मोडताच सगळ्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. त्यासाठी काडतूसही वेगळं केलं होतं: .४५ कोल्टपेक्षा आखूड, आणि चांदणीला पकड मिळावी म्हणून रुंद काठाचं.

सध्या मून क्लिपवर, म्हणजे काडतुसं एकत्र धरणाऱ्या चकतीवर, आलो आहे. एका मित्राच्या देखरेखीखाली त्याचं .४५ एसीपीचं रिव्हॉल्व्हर रेंजवर वापरून पाहिलं. पुंगळी जाड आणि आखूड, गोळी गोल टोकाची, सहाही एका पोलादी चकतीत अडकवलेल्या. एकदा सोडलं की सगळं आत, एकदा दाबलं की सगळं बाहेर. चांदणीखाली काही जायचा प्रश्नच नाही. भरायला नऊ सेकंद! झटका .३८ पेक्षा जास्त आहे, पण तो ढकलल्यासारखा येतो, मनगटाला झोंबत नाही. त्रास आहे तो चकतीत काडतुसं बसवण्याचा. ते काम दोन हातांचं, आणि चकती जराशी जरी वाकली तरी सिलिंडर घासतो. चकती आडवी धरून ठेवणारी पकड मी आता ठोकळ्याच्याच दुसऱ्या टोकाला बसवतो आहे. आतापर्यंत चार चकत्या भरल्या, त्यातली एक वाकली.