फ्री केलं म्हणजे परत दिलं?

ऐरोलीच्या ऑफिसात नवीन आलेली पोरं एकदा तरी हमखास येऊन विचारतात, "दादा, सगळं फ्री केलंय तरी टॉपमध्ये मेमरी खाली का येत नाहीये, लीक आहे का?" (फ्री म्हणजे प्रोग्रामने घेतलेली मेमरी सोडणं, टॉप म्हणजे कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारी कमांड, लीक म्हणजे काम झालेली मेमरी सोडायचीच राहून जाणं.) आणि मला दरवेळी ठाण्याच्या घरातले श्रीखंडाचे डबे आठवतात. श्रीखंड संपलं म्हणून आई डबा टाकून देत नाही, धुऊन पुसून ओट्याखाली सारते, लागेल म्हणून. मॅलॉकचं, म्हणजे सी प्रोग्रामला मेमरी काढून देणाऱ्या फंक्शनचं, डिट्टो तेच. फ्री केलेला तुकडा तो आपल्याजवळच ठेवतो आणि पुढच्या वेळी तोच काढून देतो, कारण दर खेपेला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, हात पसरायचा म्हणजे सिस्टम कॉल, आणि तो महागात पडतो.

कर्नल तरी कुठे सरळ आहे म्हणा. तो 4 केबीच्या पेजांच्या, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यांच्या, हिशोबात देतो, आणि देतो म्हणजे आधी नुसतं हो म्हणतो. 1 जीबी मागा, लगेच मिळाला, पण खरी रॅम त्या पेजला पहिल्यांदा हात लावाल तेव्हा. म्हणून टॉपमधला व्हर्टचा (मागून ठेवलेल्या मेमरीचा) आकडा बघून घाबरायचं नाही, रेस (खरी वापरातली रॅम) बघायचा. मला हे सगळ्यांना हो म्हणणं फारसं पटत नाही, सगळ्यांनी एकदम वापरायला काढली की ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोग्राम मारणारा कर्नलचा भाग, येतो आणि ज्याने जास्त खाल्लंय त्यालाच बहुतेक उडवतो, म्हणजे बिचारा डेटाबेस.

आता खरी गंमत. लिनक्सवर जीलिबसी, म्हणजे मॅलॉक जिच्यात असतो ती सीची लायब्ररी, छोट्या मागण्या हीपमधून, म्हणजे मेमरीच्या एका सलग साठ्यातून, भागवते आणि मेन हीप बीआरके या सिस्टम कॉलने वरच्या टोकालाच वाढतो, तिथूनच कमी होतो. खाली 500 एमबी मोकळी झाली तरी टोकाला 32 बाइटची एखादी स्ट्रिंग ठाण मांडून बसली असेल तर संपलं, टोक हलत नाही (मॅलॉक ट्रिम मुद्दाम कॉल केलं तर मधली रिकामी पेजंही सुटतात, पण ते करतं कोण). 128 केबीपासून वरच्या मागण्या एममॅप या दुसऱ्या सिस्टम कॉलने वेगळ्या येतात, त्या फ्री केल्या की खरंच परत जातात. पण असा एक तुकडा फ्री झाला की ती मर्यादाच त्याच्या साइजपर्यंत सरकते, 64 बिटवर पार 32 एमबीपर्यंत, आणि मग तेवढ्या मागण्याही हीपमध्येच.

मग लीक ओळखायची कशी? तोच लोड परत परत चालवायचा. रेस एका जागी जाऊन थांबला तर सोडून द्या, दर फेरीला चढतच राहिला तर व्हॅलग्राइंड हे लीक शोधणारं टूल लावा, प्रोग्राम कैक पटींनी हळू चालेल, तेव्हा ठाण्याची नेहमीची लोकल त्या दिवशी विसरा.