प ध प ग : मिरजेतली नाताळची एक रात्र

मिरजेला गेले ती आईच्या तंबोऱ्यासाठी. चार वर्षं तो गवसणीत कोपऱ्यात उभा होता. तारा बदलल्या तरी आवाज बसल्यासारखा यायचा. पुण्यात दोघांना दाखवला, दोघंही म्हणाले, मिरजेलाच न्या. मग २२ डिसेंबरला दुपारची कोयना एक्सप्रेस धरली. तंबोरा खिडकीशी उभा आणि माझा एक हात सतत त्याच्या दांडीवर. सातारा गेलं, उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या, किर्लोस्करवाडी, भिलवडी करत अंधार पडल्यावर मिरज जंक्शन आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतारमेकर गल्लीत गेले. हे गाव वाद्यांचं. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथं सतारी बनवायला घेतल्या, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून तेच करताहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात छताला भोपळे टांगलेले होते, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, एकेक घागरीएवढा. खाली लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास.

दुकानातल्या कारागीर चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला, एकदा छेडला आणि लगेच म्हणाले, "ताई, घोडीला खाच पडलीय. तार मोकळी बोलणार कशी?" मग कानस घेऊन त्यांनी घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा घासायला सुरुवात केली. दोन हात मारायचे, बोटाने पुसायचं, तार चढवायची, खालून सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवायचा, कान लावायचा. पुन्हा तार उतरवायची. एका तारेला पाऊण तास. ती नेमकी जागा सापडली की तारेतून एकदम मधमाश्यांसारखं गुंजन उठतं. जवारी लागली म्हणतात ती ही. मी हे प्रथमच इतक्या जवळून पाहिलं आणि अंगावर काटा आला.

कोपऱ्यात एक पेटी होती, भाता उघडा टाकलेली. मी विचारलं. "चर्चची हाय. भात्याला चीर गेलती. संध्याकाळी पोरं येतील न्यायला, आज त्यांचं कॅरोल." संध्याकाळी खरंच दोन मुलं आली. "सलाम, चाचा!" इकडच्या ख्रिस्ती मंडळींत भेटल्यावर सलाम म्हणायची पद्धत आहे. मी धीर करून विचारलं, मी आले तर चालेल का? मोठा म्हणाला, "या की मावशी. चप्पल मात्र चालायची घाला."

मिरजेत ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचा दवाखाना सुरू केला, त्याच्या आधाराने ती वाढली. रात्री आठला पंचवीसेक जण जमले. पेटी एका सायकलच्या कॅरिअरवर बांधलेली, ढोलकी गळ्यात, दोन खंजिऱ्या, चार टाळ. पुढे एक पोरगा बांबूच्या काठीवर कागदी चांदणी धरून, आत बॅटरीचा दिवा. आणि तीन छोटे मेंढपाळ, ज्यांच्या खांद्यावर चक्क घोंगडी! बेथलेहेमच्या माळावरच्या मेंढपाळांना आटपाडी-जतच्या धनगरांचा पोशाख. मला ते फार आवडलं. मेंढरं राखणारा माणूस थंडीत दुसरं काय पांघरणार?

पहिल्या घरी रेव्हरंड टिळकांचं भजन झालं. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नंतर मराठीत शेकड्यांनी ख्रिस्ती गीतं लिहिली, अभंगाच्या, ओवीच्या वळणाची. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. टाळांच्या ठेक्यावर ते भजन ऐकताना डोळे मिटले असते तर मला वाटलं असतं आमच्या आळीतली एकादशीच आहे. घरातल्या काकूंनी भडंगाची परात फिरवली, करंज्या दिल्या, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, पुढचं घर.

लहान मुलांनी 'जिंगल बेल्स' म्हटलं, उड्या मारत. १८५७ साली अमेरिकेत जेम्स लॉर्ड पिअरपाँटने ते बर्फावरून घोड्याची घसरगाडी पळवण्यावर लिहिलं. त्यात नाताळचा उल्लेखही नाही, पण मुलांना त्याचं काय!

चौथ्या की पाचव्या घरासमोर ढोलकीवाल्याने ठेका बदलला आणि पेटीवर सूर आले : प ध प ग, प ध प ग. 'सायलेंट नाइट', मराठी शब्दांत. मी तिथंच थांबले. मूळ चाल सहा मात्रांची आहे, त्यामुळे दादरा ताल तिला अंगचाच असल्यासारखा बसतो. शिवाय तो बाळाला झोपवायचा सूर आहे, म्हणजे पाळणाच. रामनवमीला दुपारी बाराला आपण पाळण्याची दोरी ओढत जे म्हणतो, त्याच जातीचं. सगळे हळू आवाजात गात होते, मेंढपाळांतला धाकटा घोंगड्यात पेंगत होता.

या गाण्याची जन्मकथा मला ठाऊक होती, पण त्या गल्लीत ती पुन्हा आठवली. ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ ओबर्नडॉर्फ नावाचं गाव आहे. तिथले तरुण धर्मगुरू योझेफ मोर यांनी १८१६ मध्ये लिहिलेली कविता २४ डिसेंबर १८१८ ला शेजारच्या गावातले शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांना दिली, चाल लावा म्हणाले. त्याच रात्री दोघांनी गिटारवर ती चर्चमध्ये म्हटली. पुढे चर्चचा ऑर्गन दुरुस्त करायला कार्ल माउराखर नावाचा कारागीर आला आणि जाताना गाणं आपल्या खोऱ्यात, टिरोलमध्ये घेऊन गेला. तिथून हातमोजे विकणाऱ्या एका गाणाऱ्या कुटुंबाने ते लाइपझिगच्या बाजारात म्हटलं, मग ते जगभर झालं. मूळचं चर्च आता नाही. नदीच्या पुरांनी खिळखिळं झालं म्हणून पाडलं, आता तिथं छोटं स्मारक-चर्च आहे. २००५ आणि २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या गावात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शेवटचं घर एका रिटायर्ड नर्सचं, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्यांनी बरीच वर्षं आखातात नोकरी केली, सोबत फिलिपिन्सच्या नर्सेस. "त्यांचा नाताळ १६ डिसेंबरलाच सुरू व्हायचा," त्या चहा गाळत म्हणाल्या. १६ ते २४, रोज पहाटे उपासना, तिला सिम्बांग गाबी म्हणतात. नऊ दिवस अंधारात उठून चर्चला जायचं, मग बाहेर तांदळाचा गरम केक खायचा. "मला आमच्या शेजारच्या वहिनींची कार्तिकातली काकड आरती आठवायची. त्यापण अशाच कुडकुडत निघायच्या." फिलिपिन्सचा तो ताऱ्याचा कंदील, पारोल, सिस्टरांच्या दारात लागलेला होता. तिथल्या मैत्रिणीने दिलेला, रंग उडालेला, पण लखलखीत.

तेवढ्यात एका कॉलेजच्या मुलीने मोबाइलवर 'कॅरोल ऑफ द बेल्स' लावलं. चार सुरांचं ते फिरणारं आवर्तन सगळ्यांच्या कानांवरून कधी ना कधी गेलेलं असतं. ते मूळ युक्रेनचं नववर्षाचं गाणं. मिकोला लेओंतोविचने बांधलेली ही रचना १९१६ मध्ये कीव्हमध्ये गायली गेली, इंग्रजी शब्द तिला १९३६ मध्ये मिळाले. मूळ गाण्यात घंटा नाहीत. त्यात एक पाकोळी, छोटा पक्षी, घरात उडत येते आणि धन्याला हाक मारते, बाहेर ये, गोठ्यात बघ, मेंढ्यांना कोकरं झाली, तुझं बरं होणार. मी हे सांगितलं तर सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे पिंगळाच की!" इतकी चपखल जोड मला आयुष्यात सुचली नसती. पहाटे कंदील घेऊन दारात शकुन सांगणारा आपला पिंगळा, आणि ती पाकोळी.

रात्री साडेबाराला लॉजवर परतले. घसा बसला होता, पाय दुखत होते, पिशवीत तीन घरच्या करंज्या.

२४ ला सकाळी आधी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर इथेच आहे. थोडा वेळ बसले आणि मग गल्लीत गेले. तंबोरा तयार होता. चाचांनी चारही तारा छेडल्या आणि दुकान भरून गेलं. आईच्या हातात तो असाच बोलायचा. मला पटकन काही बोलता येईना.

चाचांनी माझ्याकडे न बघता एका तारेचा मणी सरकवला आणि षड्ज धरून गुणगुणायला लागले. प ध प ग, प ध प ग.

"चाचा, हे तर..."

"हां, चर्चचं. अब्बांच्या काळापासून दर डिसेंबरला त्यांची पेटी आपल्याकडंच येती. दुरुस्त झाली की हीच चाल वाजवून बघतो. सूर पटापट कळत्यात तिच्यात." मग गवसणी चढवली, नाडी दोनदा आवळली आणि म्हणाले, "गाडीत आडवा ठेवू नका, ताई."