माळ्यावरची रात्र

गेल्या दिवाळीला अमेरिकेतला मामेभाऊ आला तो तंबू घेऊनच. तिकडे सरकारी जंगलात तो दरवर्षी हरणाच्या शिकारीला जातो. राज्याचा परवाना काढायचा, इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून नारिंगी जाकीट घालायचं आणि नळ-संडास काही नाही अशा जागी राहायचं. बऱ्याच जंगलांत एका जागी 14 दिवसांपर्यंत मुक्काम चालतो म्हणे. मला म्हणाला, "दादा, भीमगडच्या रानात दोन रात्री राहूया की. एखादं डुक्कर मिळालं तर बघूया."

"नको गा," मी सरळ सांगितलं. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकार बंद आहे. बेळगाव जिल्ह्यातलं हे भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, तिथं परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. गवा मारला तर किमान 3 वर्षं कैद. म्हादई नदी त्याच रानात उगम पावते. ते रान राहिलं तरच खाली पाणी.

आमचा आज्जा शिकारी होता. ठासणीची बंदूक, हाकारा घालायला, म्हणजे आरडाओरडा करून जनावर बंदुकीपुढे आणायला पंधरा-वीस माणसं, आणि संध्याकाळी घरागणिक मांसाचे वाटे. म्हातारपणी तो शिकारीविषयी फारसं बोलायचा नाही, वाऱ्याविषयी बोलायचा. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असेल तर उगाच बसू नये, बिडी तर पेटवूच नये. ओढ्याच्या पात्रात कधी झोपू नये. हे सगळं मी त्याच्या मांडीवर शिकलो, बंदूक मात्र कधी हातात घेतली नाही.

भावाला मी आमच्या शेतातल्या माळ्यावर नेलं. जांबोटीच्या बाजूला रानाला लागूनच आमचं भात आहे. सुगीच्या तोंडावर राखण केली नाही तर गवे एका रात्रीत अर्धी पट्टी तुडवतात. चार मेढी, वर गवताचं छप्पर, खाली धुनी. तंबू घरातच राहिला. वर जाण्याआधी मी त्याला पायमोजे विजारीवर ओढायला लावले आणि रात्री दोनदा गोचीड बघायला सांगितलं. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर रानात सापडलेला माकडताप गोचिडीतूनच येतो. पाणी ओढ्याचंच, पण खळखळून उकळलेलं. नाचणीची भाकरी, सुकी मासळी निखाऱ्यावर भाजून, वर कांदा.

दोनच्या सुमारास वारा आमच्याकडे फिरला आणि ओल्या गुरांचा वास आला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बांधापलीकडे पाच गवे उभे होते, गुडघ्यापर्यंत पांढरे पाय तेवढे चांदण्यात उठून दिसत होते. एक तर नुसतं वासरू. मोठ्या नराचं वजन 800 किलोच्या वर जातं. माळ्याच्या मेढीला तो टेकला तरी आम्ही खाली.

खरं तर तेव्हाच डबा वाजवायला हवा होता. मी वाजवला नाही. त्या वासराकडे बघत राहिलो आणि भाताचा एक कोपरा गेला. बाबा सकाळी ओरडणार हे ठाऊक होतं. मग वाजवला. ते पळाले नाहीत, सावकाश वळले. मागची गाय वासरू पुढे होईपर्यंत आमच्याकडे तोंड करून उभी राहिली.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "आज्जानं ह्यांच्यावर कधी गोळी घातली होती काय रे?"

"एकदा," मी म्हणालो. "गाय होती. त्यानंतर हाकाऱ्याला गेला नाही."

धुनीत एक ओंडका सरकवून आम्ही उजाडेपर्यंत बसून राहिलो.