शब्द नसलेलं

"मामा, यात शब्दच नाहीत. मग तुझे डोळे का भरले?"

भाचीचा हा प्रश्न सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचं सी मेजरमधलं स्ट्रिंग क्विंटेट, म्हणजे पाच तंतुवाद्यांची रचना, लावलं होतं. त्यातला दुसरा, संथ भाग. मधली तीन वाद्यं लांब सूर धरून जवळजवळ स्थिर. वर व्हायोलिन तुटक तुटक बोलतं, खाली दुसरा चेलो, व्हायोलिनचा खर्जातला मोठा भाऊ, नुसत्या तारा छेडतो.

१८२८ साली त्याने हे लिहिलं आणि त्याच नोव्हेंबरमध्ये तो गेला. वय ३१. हे लोकांसमोर वाजलं थेट १८५० मध्ये!

बाख मला सावरतो, बेथोव्हेन उभं करतो. शूबर्ट नुसता शेजारी बसून राहतो. म्हणून तोच सगळ्यांत लाडका.

भाचीला उत्तर देता आलं नाही. तोच भाग पुन्हा लावला. या वेळी तीही गप्प झाली.

तुमच्या शेजारी असं कोण येऊन बसतं?