आजीची बॅग

दुपारची जेवणं आटोपली की पडवीच्या वाशाला ताणकाटा अडकवायचा आणि त्याला बॅग लटकवायची, हा गुहागर-दापोलीकडच्या बऱ्याच घरांतला आता नेहमीचा कार्यक्रम झाला आहे. एरवी हा काटा काजूबिया मोजायला असतो. आता त्यावर आजीची युरोपवारी तोलली जाते. बहुतेक विमानकंपन्या एका बॅगेला २३ किलो देतात. काटा २५ दाखवतो, साडेचोवीस दाखवतो, २३ म्हणून दाखवत नाही. मग बॅग खाली उतरते, चेन उघडते आणि काय काढायचं यावर घरात परिषद भरते. निघतो तो आजीचा स्वेटर. नाचणीचं सत्त्व निघत नाही.

तिकडे दीड वर्षाचं नातवंड आहे, आणि दीड वर्षाच्या पोटात नाचणी गेली नाही तर हाडं कशाची होणार, यावर कोकणातल्या समस्त आज्यांचं एकमत आहे. त्यांचं चुकतही नाही. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदूळ-गहू त्याच्या जवळपासही येत नाहीत.

सत्त्व मात्र दोन तऱ्हांचं असतं आणि दोन आज्या भेटल्या की वाद याच्यावरच. एक मोडाचं. नाचणी चार-पाच पाण्यांतून धुवायची, कारण तिच्यात बारीक वाळू हमखास असते. रात्रभर भिजवायची, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधायची. आपल्याकडच्या उबेत दिवसा-दीड दिवसात पांढरे टोचे दिसू लागतात. तेवढ्यावर थांबायचं. मोड लांबू दिले तर आंबूस वास येतो आणि कडवटपणा शिरतो, तो पुढे गुळानेही झाकत नाही. मग कडक वाळवायची, हाताने चोळून पाखडायची म्हणजे मोडांचे दोरे उडून जातात, आणि मंद आचेवर जरासं परतून दळायची. दुसरं दुधाचं. भिजलेली नाचणी वाटायची, फडक्यातून तिचं दूध पिळून काढायचं, ते चार-सहा तास हलवायचं नाही, वरची निवळ ओतून टाकायची आणि तळाचा साका ताटात पसरून वाळवायचा. हे गोरं दिसतं, रेशमासारखं लागतं, आणि ते करणाऱ्या आजीला त्याचा फार अभिमान असतो.

माझं मत मोडाच्या बाजूने. नाचणीचं बरंचसं कॅल्शियम सालीत असतं आणि दुधाच्या सत्त्वात ती साल फडक्यात उरून कोंबड्यांना जाते. सहा-सात महिन्यांच्या तान्ह्याला ते हलकं सत्त्व ठीक. चालणाऱ्या-पळणाऱ्या पोराला थोडं भरड चालतं. शिवाय मोड येताना दाण्यात जो पाचक रस तयार होतो तो पिठुळपणा फोडतो, म्हणून मोडाची खीर पातळ राहते आणि त्याच वाटीत पीठ जास्त बसतं. पोर चार चमच्यांवर तोंड फिरवणार हे ठरलेलंच असताना त्या चार चमच्यांत जास्त काही असलेलं बरं. फक्त परतताना हात आखडता घ्यायचा. खमंग भाजलं की तो रस मेला, मग मोड आणून काय मिळवलं?

वस्त्रगाळ करण्याचा हट्टही मला कळत नाही. किलोभर नाचणीचं जेमतेम पाऊण किलो पीठ उरतं आणि उरलेलं, म्हणजे कामाचं, चाळणीत.

याचा हंगामही ठरलेला. वरकसावरची, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीतली नाचणी दिवाळीच्या आगेमागे घरात येते, आणि वाळवणाची खरी उन्हं तिथपासून होळीपर्यंत. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पापडसुद्धा डब्यात बसल्या बसल्या मऊ पडतो, तिथे नाचणी काय वाळणार. अर्धवट वाळलेलं सत्त्व डब्यात भरलं की महिन्याभरात जाळी धरते. तेव्हा नातवंड जुलैत भेटायचं असलं तरी सत्त्व फेब्रुवारीतच होऊन बसलेलं असतं.

शिजवण्यातली मेख तिकडच्या चुलीत आहे. सत्त्व गार पाण्यात कालवून मगच आचेवर ठेवायचं, उकळत्या पाण्यात टाकलं की वरचा थर शिजून आतलं कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात, एवढं आपल्याकडे पोरीसोरींनाही ठाऊक. पण काचेच्या सपाट विजेच्या शेगडीवर बटण बंद केलं तरी काच कितीतरी वेळ तापलेली राहते. गॅसवर वाढलेला हात आच बंद करून निवांत वळतो आणि मागे खीर तळाला लागते. भांडं उचलून बाजूलाच ठेवायचं. इंडक्शन असेल तर दुसरीच तऱ्हा. बॅगेतून हौसेने नेलेलं पितळी पातेलं त्याच्यावर तापतच नाही, ॲल्युमिनियमचंही नाही. बुडाला लोहचुंबक चिकटत असेल तेच भांडं तापणार. फ्रिजवरचं चुंबक काढून घरीच लावून बघावं, म्हणजे काट्यावरचा एक किलो वाचतो.

आता सीमेवरची गंमत. युरोपीय संघात प्रवाशाने बाहेरून दूध आणि मांस आणायचं नाही, म्हणजे तूप नाही, खवा नाही. घरचं कढवलेलं रवाळ तूप, तेही नातवासाठी, आणि त्यालाच बंदी! तान्ह्यांच्या दुधाच्या भुकटीला आणि बाळाच्या आहाराला सूट आहे, पण २ किलोपर्यंत, कंपनीचं सीलबंद पाकीट हवं आणि फोडण्याआधी फ्रिज लागणारं नको. मासळीला मात्र २० किलोंपर्यंत मुभा आहे, सुकी असो की शिजवलेली. ताजी असेल तर पोट साफ केलेली हवी. म्हणजे तूप अडतं आणि सुकट राजरोस जाते. कोकणाचा एवढा मान तर आपल्या मंत्रालयातही कोणी ठेवत नाही. अर्थात नियमाने सुकट आत जाते, इमारतीच्या जिन्यात तिचा वास कसा घेतला जाईल ते वेगळं.

फळांचंही तसंच. ताजी फळं, भाजी, पाला न्यायचा तर रोपं-किडींचा तपासणी दाखला लागतो. त्यातून पाच फळं वगळली आहेत: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ. हापूस नाही. २०१४च्या मे महिन्यात फळमाशीवरून युरोपने आपला आंबाच बंद केला होता, तो पुढच्या वर्षी सुरू झाला. पण अजूनही निर्यातीची पेटी ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुचकळून मगच जाते, आणि बागेतली घरची डझनभर फळं बॅगेत टाकून नेणं नियमात बसत नाही. त्यापेक्षा आंबापोळी न्यावी. दीड वर्षाच्या पोराला मात्र ती दोन बोटांएवढीच द्यावी, आणि तीही समोर बसून, कारण ती टाळूला चिकटते.

नारळ चालतो म्हणून आजोबा खूश होतात आणि खोबऱ्याच्या वाट्याही भरायला घेतात. तिथे विमान आडवं येतं. सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. ओला नारळ जाऊ शकतो, वाटी नाही. तो नारळ तिकडे फोडायचा कशावर हा पुढचा प्रश्न. पाटा नाही, कोयता नाही, अंगणातला दगड नाही, आणि जर्मनीत कित्येक इमारतींच्या नियमावलीत दुपारी एक ते तीन आवाज करायचा नाही असं लिहिलेलं असतं. वामकुक्षी छापील नियमात आणणाऱ्या लोकांबद्दल कोकणी माणसाला आदरच वाटायला हवा. साडेतीननंतर, नारळ हातात फिरवत, मध्यावरच्या रेषेवर हातोडीने बेताचे ठोके. खवायला मात्र विळी नेऊ नये. पोर रांगतं-धावतं असलेल्या घरात जमिनीवर ठेवायच्या पात्याला जागाच नसते. ओट्याला स्क्रूने आवळायची खवणी न्यावी.

खोबरेल तेल न्यायचं तर रुंद तोंडाच्या बरणीत. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याकडे पौषातल्या पहाटे कधीतरी बाटलीत पांढरं दिसतं तेवढंच. तिकडच्या घरात हिवाळ्यात २० अंश म्हणजे उबदार, तेव्हा अरुंद बाटलीतलं तेल मेपर्यंत बाहेर येत नाही. अंघोळीआधी बरणी कोमट पाण्यात दहा मिनिटं. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची बाटली मात्र गळ्यापर्यंत भरायची. विमान वर गेलं की आतला दाब कमी होतो, बाटलीत कोंडलेली हवा फुगते आणि आगळ झाकणातून रेटते. हवाच कमी ठेवली की रेटणार काय. तरीही बाटली दोन पिशव्यांत आणि टॉवेलात, कारण आगळाचा डाग बॅगेच्या अस्तरावरून आयुष्यात जात नाही. खरं म्हणजे आमसुलंच न्यावीत. पण सोलकढीला आगळच हवं म्हणतात. म्हणोत.

हे सगळं तिकडे मिळत नाही का? मिळतं. मोठ्या शहरांत आपल्या वाण्याकडे नाचणीचं पीठ असतं. औषधी-प्रसाधनांच्या दुकानांत बाळांच्या फळीवर वरीच्या कुळातल्या धान्याची पेज पाकिटात उभी असते, आणि बरी असते. सूनबाई फोनवर हे सांगतेच. "आई, कशाला एवढं ओझं? इथे मिळतं सगळं." आई "हो गं" म्हणते आणि अर्धा किलो वाढवते. मला वाटतं, तिला पदार्थ न्यायचाच नसतो. तिला काम न्यायचं असतं. सकाळी आठला पोर किटात, म्हणजे तिकडच्या पाळणाघरात, आणि मुलगा-सून कामावर. धुणं यंत्र करतं, भांडी यंत्र घासतं, अंगण झाडायला अंगण नाही, दारावर कोळीण येत नाही. तीनपर्यंत बाईने करायचं काय? कालवायला, ढवळायला, चाळायला काहीतरी हवं.

किटातही तिची गरज पडते, पण वेगळ्या कारणाने. रुळवण्याची जी पद्धत जर्मनीत फार चालते, तिच्यात पहिले तीन दिवस घरचं माणूस पोराजवळ तासभर नुसतं बसून असतं, सोडून जायचं नाही. चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी खोलीबाहेर जाऊन बघायचं. पोर कसं घेतं त्यावर पुढचे आठवडे ठरतात. आपल्याकडे बालवाडीच्या दारात पोर सोपवून पाठ फिरवायची आणि रडणं ऐकू येईनासं होईपर्यंत भरभर चालायचं, ही पद्धत. ती बरी होती असं मी म्हणणार नाही. एकदा रुळलं की मग सर्दी. पहिल्या हिवाळ्यात पोर आठवडाभर किटात आणि आठवडाभर घरी, कारण ताप असलेलं मूल तिथे घेत नाहीत. तेव्हा सुट्ट्या पुरवून पुरवून वापरणाऱ्या आई-बापांना आजी म्हणजे काय ते कळतं. मेतकूट-भात, आटवल, कुळथाची पिठी या गोष्टींना तेव्हाच भाव येतो.

संध्याकाळचं मात्र जमत नाही. कोकणात दिवेलागण वर्षभर सहा ते सव्वासातच्या मधली. हॅम्बुर्गला डिसेंबरात चारला अंधारतं आणि जूनमध्ये पावणेदहा उलटले तरी सूर्य मावळत नाही. पोराला सातला झोपवायचं असतं, खिडकीवरचे जाड पडदे पाडून, बाहेर लख्ख ऊन असताना. दिवा लावून शुभंकरोति म्हणायची ती कधी? काही आज्या घड्याळ धरतात, साडेसहा म्हणजे साडेसहा. काही सूर्य धरतात, आणि मग डिसेंबरात किटातून आल्या आल्या, अंगावरचा बर्फातला डगला उतरायच्या आत, पोराला हात जोडायला लावतात. त्यालाही काही वाटत नाही. जूनमधल्या साडेसहाच्या उन्हात तेच पोर निरांजनाची ज्योत शोधत बसतं.

व्हिसाने दिलेले दिवस असतात ९०, कुठल्याही १८० दिवसांच्या खिडकीत. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यांतच धरतात, आणि हे विसरून तिकीट काढणारे पुष्कळ. म्हणून घराघरांत पाळी लागलेली असते: आधी आईची आई, ती निघाली की बाबांची आई. दोघींनी मिळून अर्धं वर्ष भरून काढायचं. पोर पहिलीला बोबड्या मराठीत निरोप देतं आणि ती परत यायच्या आत किटातली भाषा बोलू लागतं. याला कोणाकडे काही इलाज नाही. फोनवर दुरुस्त्या करू नयेत एवढंच.

पहिली आजी निघताना सत्त्वाचा डबा काठोकाठ भरून ठेवते, झाकणावर कागद चिकटवून: एक मोठा चमचा, कपभर पाणी, गार पाण्यात कालवणे. दुसरी येऊन झाकण उघडते तेव्हा डबा तसाच भरलेला असतो. तिकडच्या कोरड्या हवेत कीड लागलेली नसते, वासही आलेला नसतो. ती एक चिमूट जिभेवर ठेवून बघते, दुधाचं आहे असं म्हणते, दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवते आणि आपलं मोडाचं त्या डब्यात भरते.