बाळंत कोण झालंय?

सात महिने सुट्टी घेतोय म्हणून गावी फोन केला तर बाबा म्हणाले, "रजा? तुला? अरे बाळंत कोण झालंय?" मग हळूच, "नोकरी आहे ना रे?"

आता त्यांना काय सांगणार, इथे स्वीडनमध्ये एका मुलामागे 480 दिवसांची पालक रजा मिळते आणि त्यातले 90 दिवस बापाच्याच नावावर, बायकोला देता येत नाहीत, घेतले नाहीत तर बुडाले. खरं सांगतो, बुडू नयेत म्हणूनच घेतली. वाटलं होतं पोरगं झोपलं की एखादा कोर्स उरकू. कसला कोर्स!

डिसेंबरात गोथेनबर्गला दुपारी साडेतीनला अंधार पडतो, त्यामुळे पोरांना सकाळीच बाहेर काढायचं. म्हणजे आधी लोकरीचे कपडे, त्यावर फ्लीस, वरून तो अंतराळवीरासारखा ओव्हरऑल, टोपी, हातमोजे. धाकट्याचा अंगठा हातमोज्यात कुठे गायब होतो देव जाणे, तो शोधत बसलो की हा माझं नाक धरून चावतो, दोनच दात आहेत पण काय धार! आणि सगळं चढवून झालं की दारातून थोरली, "बाबा, शू." परत सगळं उतरवा. पहिल्या आठवड्यात जाम चिडायचो, आता बायको ऑफिसला निघाली की मीच घाई करतो, चला रे अंगठा शोधू. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, थोरलीच्या वेळी मी वर्षभर हेच केलं, तेव्हा कोणी पोस्ट लिहिली नाही. बरोबर आहे तिचं.

दहाला तेल लावून आंघोळ, मोबाईल बेसिनवर टेकवलेला, पलीकडून आई, "अरे टाळू भर आधी, असं घाबरत काय चोळतोस!"

बाबा एसटीत कंडक्टर होते, कायम मुक्कामी गाडी. आम्हाला आंघोळ घातल्याचं त्यांनाही आठवत नाही, मलाही नाही. आपल्याकडे तेव्हा दुपारचे अडीच, त्यांची झोपायची वेळ. तर परवा आई सांगत होती, हल्ली झोपत नाहीत, दोनपासून चष्मा लावून फोनसमोर बसतात. कॅमेऱ्यात कधी येत नाहीत. फक्त मागून आवाज येतो, "कानात पाणी जाईल, बघ त्याच्या."